जंतूंना गूळ-पाणी

"शेण? कॅनिंगमध्ये?" भाऊंनी चष्मा काढला. "इथे माशी दिसली तरी मी बोंब मारतो, आणि तू शेण मागतेस!"

भाऊ माझे मालक. पावसजवळ त्यांचा आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना होता. लोडशेडिंगची वर्षं. माझी पहिली नोकरी. एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग घेतलं तेव्हा नातेवाईक विचारायचे, "म्हणजे झाडं लावणार का?" माझ्या वाट्याला आला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट.

आदल्या सीझनला तो साफ फेल गेला होता. आंबूस पाणी जांभ्या दगडातून झिरपलं आणि शेजारच्या सुमतीकाकींची विहीर नासली. आल्यागेल्याला गूळ-पाणी देणारं घर ते. काकींनी पाहुण्याला पाणी विचारणंच सोडलं. मी ओळख करून घ्यायला गेले, तर अंगणातूनच म्हणाल्या, "यंदा परत नासली तर तुमच्या गेटात बसेन हो."

मी भाऊंना समजावलं. "घाण मशीन खात नाही, जंतू खातात. मशीन त्यांना नुसती हवा देतं. आंबा आल्यावर जंतू वाढवायला घेतले, तर ते वाढेपर्यंत सीझन संपतो. आतापासून टँकमध्ये शेणकाला आणि गूळ घालायला हवा."

"जंतूंना गूळ? जावई आहेत काय गो ते?"

हसले, पण दोन्ही मागवलं. शेण मागच्या गेटनेच येईल, एवढी अट घातली. कॉलेजात सरांनी बादलीत जंतू वाढवायला लावले, तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. त्या बादलीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

ऐन मे महिन्यात लाइट गेली ती येईचना. जनरेटर एकच, तो डबे भरायच्या लाइनवर. हवा थांबली की जंतू गुदमरतात. शेडमध्ये पिकलेल्या हापूसचे क्रेट रचलेले. मी धावत जाऊन भाऊंकडे टँकसाठी जनरेटर मागितला.

त्यांनी एकदा क्रेटकडे बघितलं. मग ओरडले, "लाइन बंद करा रे! जनरेटर हिच्या टँकला जोडा."

बराच आंबा फुकट गेला. भाऊंनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. असा मालक पहिल्याच नोकरीत मिळाला, हे माझं नशीब.

सीझन संपताना काकींनी आम्हा दोघांना बोलावलं. पडवीत बसवलं. आतून तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

"घे गो बाय. आमच्याच विहिरीचं आहे."

मी गूळ तोंडात टाकला आणि पोटभर पाणी प्यायले. उरलेला तांब्या भाऊंनी घटाघटा रिकामा केला.

लॅबचा रिपोर्ट नंतर आला. पास होता, फाइलला लावला. या लाइनमधली नवी मुलं विचारतात, प्लांट नीट चालतोय हे कसं ओळखायचं? मी सांगते, रिपोर्ट बघाच. पण शेजारी पाणी विचारतात का, तेही बघा.