भास्कररावांच्या गाडीचा आवाज

फोन शकुंतलाताईंचाच आला. या माझ्या बायकोच्या, मंगलच्या, थोरल्या बहीण, राहायला लातूरला. "अशोकराव, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "मंगलला एकदम सांगू नका, तिला आधी काहीतरी खाऊ घाला." सकाळी पेपर वाचता वाचता भास्कररावांची मान खुर्चीतच कलली होती. मी मंगलला पोहे करायला लावले, तिनं दोन घास खाल्ल्यावर सांगितलं, आणि नांदेडहून मिळेल त्या गाडीनं आम्ही लातूर गाठलं. त्याला आता महिना उलटून गेला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की तो दिवस काही आठवत नाही... त्यांची ती लाल गाडी आठवते, आणि तिच्यापायी या सज्जन माणसानं केलेला उद्योग आठवतो.

भास्करराव माझे साडू. साडूचं नातं मोठं चमत्कारिक. भांडायला हक्क नसतो, आणि जास्त कौतुक केलं तर दोघी बहिणींना संशय येतो. आम्ही दोघांनीही हे नातं चेष्टेवर निभावलं. ते मूळचे कंधारकडच्या खेड्यातले, पुढे लातुरात भौतिकशास्त्र शिकवायला लागले आणि तिथलेच झाले. त्यांची गल्ली म्हणजे लातूरची नेहमीची गल्ली. प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी, कोपऱ्यावर मेस, आणि भास्कररावांच्या चार घरं अलीकडे, एका माडीवर, अभ्यासिका. या गल्लीतून फटफट आवाज करत कुणी बुलेट नेली की सर छत्री आडवी धरून रस्त्यात उभे राहत. गाडी बंद करायला लावत आणि त्या पोराला तिथंच आवाज म्हणजे काय, तो कानाच्या पडद्यावर काय करतो, हे समजावून सांगत. पोरगं 'हाव सर, हाव सर' करत सुटका करून घेई. चौकीत जाऊन तक्रारही त्यांनीच दिली होती. गल्लीत त्यांचं नाव 'सायलेन्सर सर' पडलं होतं आणि त्याचा त्यांना छुपा अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्यांनी ती टर्बोची लाल गाडी घेतली. या माणसाला चैन अशी एवढीच. गाडी चालवायला ते उदगीरला मामांच्या जीपवर शिकले होते, आणि मामांनी शिकवलेलं एकच सूत्र त्यांनी जन्मभर पाळलं, की गाडी कानानं चालवायची. इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं आणि गिअर बदलायचा. आता वयोमानानं त्यांचे कान जायला लागले होते. आधी फोनवर 'हॅलो हॅलो' वाढलं, मग लग्नकार्यात ते कोपरा धरून बसू लागले, मग जाणंच टाळू लागले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते घातलं की ताटवाटी आणि माणूस एकाच आवाजात बोलतात, अशी त्यांची तक्रार होती. ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज पकडली, तो चार माणसांत बसून उगाच हसायला लागला होता. मला ते बघवत नसे. गाडीत बसले की मात्र ते पहिल्यासारखे होत. तिथं कुणाला उत्तर द्यायचं नसतं.

पण ही नवी गाडी फार हळू बोलायची. पुण्याहून लेक येऊन गेली तेव्हा त्यांनी अर्धा रस्ता गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये ताणली, आणि लेकीनं घरी आल्यावर सांगून टाकलं, बाबा, आता गाडी विकायची. त्यानंतर एका दुपारी ते एकटेच आमच्या दारात हजर. मंगलला वाटलं ताईंशी भांडून आले की काय. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशोकराव, गाडी ऐकू येऊन नाही राहिली. एक काम हाय, पण लातुरात करता येत नाही. तिथं मला समदे ओळखतात."

काम काय, तर सायलेन्सरच्या अलीकडे नळीला एक फाटा काढायचा आणि त्या फाट्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बसवायचा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडणार आणि इंजिनाचा धूर सायलेन्सरमधून न जाता सरळ बाहेर पडणार, आवाजासकट. पुन्हा दाबलं की गाडी मुकी. मी विचारलं, समोर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा असतो की, त्याच्याकडे बघून गिअर बदलावा. त्यावर म्हणाले, काट्याकडं बघू का रस्त्याकडं? मी स्कूटरवाला माणूस, मला ते पटलं. सायलेन्सर सरांना सायलेन्सर चुकवायची नळी बसवून घ्यायला मी घेऊन गेलो, देगलूर नाक्याकडच्या मुजीबभाईंच्या दुकानात.

मुजीबभाईंनी गाडी वर चढवली, खालून बघितली आणि मग मालकाकडे बघितलं. "सर, या कामाला आमच्याकडं पोरं येतात. तुमच्या वयाचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं."

"पोरांना दुसऱ्याला ऐकवायचं असतं," भास्करराव म्हणाले. "मला माझं ऐकायचंय."

मग ते स्टूल टाकून परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे बसले. नळी कापताना, फाटा जोडताना मला समजावत होते, की टर्बोचं चक्र धुराच्या जोरावर फिरतं, त्यामुळे आवाजाची धार तिथंच बोथट होते, आणि उरलेला आवाज सायलेन्सर गिळतो. व्हॉल्व्हची छोटी मोटर खाली लोंबू नये यासाठी त्यांनी मुजीबभाईंशी हुज्जत घातली. आपल्याकडच्या गतिरोधकांवर पहिल्याच दिवशी ती तुटली असती, हे मुजीबभाईंनाही पटलं. जोड पक्का झाला, वायर उष्णतेपासून लांबून आत नेली, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक काळं बटण बसलं. भास्कररावांनी इंजिन चालू केलं, बटण दाबलं आणि पाय थोडा दाबला. दुकानातले डबे हादरले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांना कळेल असं बोललं होतं.

हे नियमात बसत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःपुरता कायदा केला. गाव आलं की व्हॉल्व्ह बंद, शाळा-दवाखाना दिसला की बंद, आणि गल्लीत तर कधीच उघडायचा नाही. मोकळ्या माळावर मात्र गाडी गर्जत जायची आणि हे शांतपणे गिअर बदलत बसायचे. लेकीनं पुन्हा येऊन बघितलं, गाडी सुरळीत चालत होती. विकायचा विषय मागे पडला. त्या व्हॉल्व्हनं त्यांना दीड-दोन वर्षं मिळवून दिली असं मी मानतो, आणि ती वर्षं फार सुखाची गेली.

मग तो दिवस आला. अहमदपूरला एका सोयऱ्याला भेटून आम्ही दोघं परत लातूरला येत होतो. शहर लागलं तसं त्यांनी बटण दाबून व्हॉल्व्ह बंद केला. व्हॉल्व्ह आधीच बंद केलाय हे बोलण्याच्या नादात ते विसरले असावेत, कारण गल्लीच्या तोंडाशी सवयीनं त्यांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. व्हॉल्व्ह उघडला. त्या अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींनी तो आवाज दुप्पट केला, आणि भास्करराव मात्र अहमदपूरच्या सोयऱ्याची गोष्ट मला पुढे सांगत होते... मी त्यांचा दंड धरला आणि बटणाकडे बोट केलं. त्यांना कळेना. मग त्यांनी वर पाहिलं. अभ्यासिकेच्या प्रत्येक खिडकीत पोरं उभी होती. आत सराव परीक्षा चालू होती.

उघडा आवाजही त्यांना आता ऐकू येत नव्हता. हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं.

त्यांनी तिथंच, गल्लीच्या मधोमध, इंजिन बंद केलं. जिना चढून वर गेले आणि त्या पोरांपुढे उभे राहून, चूक माझी, परत होणार नाही, म्हणाले. खाली आले ते गाडीत बसेनात. मला गाडी येत नाही. शेवटी पेपर देऊन झाल्यावर तीच पोरं खाली आली आणि गाडी ढकलत दारापर्यंत नेली. कुणी हसलं नाही, कुणी 'सायलेन्सर सर' म्हणालं नाही. शकुंतलाताई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी लायसन काढून कैक वर्षं झाली होती, पण सरांनी त्यांना गाडी कधी चालवू दिली नव्हती. भास्कररावांनी त्यांच्या हातात किल्ली ठेवली. "आता तू चालीव. मी बाजूला बसतो."

गाडी सोडताना हा माणूस खचेल अशी मला भीती होती. तसं झालं नाही. पुढच्याच महिन्यात दोघं आमच्याकडे आले, ताई चालवत आणि हे शेजारी, डावा तळवा डॅशबोर्डवर सपाट ठेवून. कानाला कळत नव्हतं ते हाताला कळत होतं. इंजिन कुंथलं की ते म्हणत, 'तिसरा टाक,' मोकळं झालं की 'चौथा टाक'. ताई आधी चिडल्या, मग त्यांना त्याची सवय झाली, आणि मागे बसून मला आणि मंगललाही. त्यांच्या संसारात एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नसेल असं मंगल म्हणायची.

परवा ताईंना घेऊन यायला मी लातूरला गेलो होतो. थोडे दिवस नांदेडला राहा म्हणून मंगलनं गळ घातली होती. बसनं जाऊ म्हटलं तर ताई ऐकेनात, गाडीच काढली. मी पुढे, भास्कररावांच्या जागी बसलो. आधी मागेच बसत होतो, त्याच म्हणाल्या, पुढं या. अहमदपूर सोडल्यावर चढ लागला. गाडी चौथ्यात होती. वेग उतरत गेला, इंजिन कुंथायला लागलं, पूर्ण गाडी थरथरायला लागली. ताईंचा हात गिअरवर होता, नजर समोर होती, आणि त्या गिअर बदलत नव्हत्या. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तिसरा टाका, ताई," मी म्हणालो.

त्यांनी तिसरा टाकला. गाडीनं श्वास घेतला आणि चढ चढू लागली. बरंच पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "हे जरा अगोदर सांगायचे."