वणव्याच्या सामानातले बूट

लग्न होऊन मी पेणहून रोह्याजवळच्या डोंगराखालच्या गावात आले, तेव्हा वणव्याची तयारी शेजारच्या काकूंनी शिकवली. होळी झाली की त्या घराभोवतीचं सुकं गवत कापत, पिंपं भरत आणि विचारत, "गोणपाटं काढलीस काय गो?"

त्यांचा मुलगा गुजरातेत कंपनीत होता. दोन वर्षं आला नव्हता. त्याचे जाड बूट त्या तेल लावून पिंपाशी ठेवत. "वणवा इझवायला त्याला लागतील."

एकदा आग परसात उतरली. काकूंनी ते बूट माझ्यापुढे टाकले. "घाल. निखाऱ्यावर अनवाणी जाशील काय?"

आम्ही ओल्या गोणपाटांनी आग झोडपून विझवली. बुटांचे तळ वितळले होते. मी ओशाळून ते परत दिले.

काकू कितीतरी वेळ त्यांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता नवं घेऊन तरी येल तो."