हमीदचाचांचा न उघडणारा कॅरम

गेली दोन वर्षं मी या ग्रूपवर फक्त वाचायला येते. कोणाला घाटात पांढरी साडी दिसते, कोणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... मी वाचते, हसते आणि कामाला लागते. माझा धंदाच असा आहे की त्यात भुताला जागा नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा धूळ, उंदीर किंवा गिऱ्हाइकाचा हुशार जावई असतो. दसऱ्याला कोणी सीपीयूला हळदकुंकू लावून आणलं तर मी आधी ते पुसते, मग बोलते.

त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे पाहून माझा नवरा मागे उभा राहून दात काढतोय. काढू दे.

माझं दुकान देऊळगाव राजात, बस स्टँडकडून बाजाराकडे येताना रसवंतीच्या शेजारी. एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि गिऱ्हाइकांसाठी दोन स्टुलं. आलेल्या प्रत्येक मशीनचं मी एक कार्ड करते. वर नाव, खाली दोन ओळी — ‘दोष’ आणि ‘उपाय’. नऊ वर्षांत त्यातली एकही ओळ मी कोरी सोडली नव्हती. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली. इतरांचे अनुभव अमावस्येचे असतात, माझा भर दुपारचा आहे, काय करणार!

ईद होऊन चार-पाच दिवस झाले होते. गुरुवारी हमीदचाचा सायकलच्या कॅरिअरवर जुन्या चादरीत बांधलेला सीपीयू घेऊन आले. चाचा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले टेलर. माझ्या शाळेच्या पहिल्या गणवेशापासून ते माझ्या नवऱ्याच्या लग्नातल्या सफारीपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं.

“बेटी, कॅरम उघडूनच नाही राह्यला.”

हा कॅरम म्हणजे कॉम्प्युटरवरचा गेम. तो मूळचा वामनकाकांच्या मुलाचा. वामनकाका तहसीलमधून रिटायर झालेले कारकून, आणि चाचांचे जिवाभावाचे दोस्त. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. काकांच्या घरी दुपारी हमखास लाइट जायची, चाचांच्या दुकानात इन्व्हर्टर होता, म्हणून कॉम्प्युटरची बिऱ्हाडबदली झाली. तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार दोघं एकाच माउसवर आळीपाळीनं खेळणार आणि एकमेकांना शिव्या घालणार, हे अख्ख्या गल्लीला माहीत. कोण किती गेम जिंकला, ते गेम स्वतःच दोघांच्या नावापुढे मांडून ठेवायचा.

“होतं काय नक्की?” मी विचारलं.

“नाव येते, स्ट्रायकर टक करून वाजते, अन् खल्लास. सब गायब.”

“घाई आहे का?”

“हाव, मंग! वामन एका गेमनं पुढं हाय. अन् रविवारी चालला तो पुण्याले, कायमचा. इतक्या सालाचा खेळ, अन् तो पुढं राहून जाईन? मले बराबरी पायजे.”

“मग काकांना घेऊन यायचं ना. त्यांनी काही दाबलं का ते तरी कळलं असतं.”

चाचांचा चेहरा एकदम बंद झाला. “त्याचं नाव काढू नको. तू गेम चालू कर. म्या कोनाच्या हाती निरोप धाडतो. खेळायचं, बराबरी करायची, सलाम. बोलायची काय जरूरत?”

बोलणं बंद आणि कॅरम चालू... म्हातारी माणसं! मी कार्ड केलं आणि कामाला लागले.

गेम सुरू होताच बंद पडतो ही काही मोठी गोष्ट नाही. मी कंपॅटिबिलिटी मोड बदलून पाहिला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून परत टाकला. अँटिव्हायरस बंद केला. रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, निम्मी मशीनं तेवढ्यानंच सुधारतात. चाचांनी जपून ठेवलेल्या मूळ सीडीवरून गेम नव्यानं टाकला. दर वेळी तेच — नाव, टक, आणि रिकामा डेस्कटॉप.

मग मी तोच गेम माझ्या लॅपटॉपवर टाकला. सुरळीत चालला! चाचांच्या मशीनमधली स्कोअरची फाइल त्यात आणून टाकली, की नाव, टक, गायब. फाइल काढली, की परत चालू.

सापडला चोर. स्कोअरची फाइल खराब झाली होती. मी ऐटीत पेन उचलून ‘दोष’च्या ओळीत तसं लिहिलं आणि शनिवारी दुपारी चाचांना बोलावलं.

“ती फाइल उडवली की गेम चालू,” मी म्हटलं. “पण स्कोअर शून्यापासून सुरू होईल.”

चाचा स्टुलावर मांडीवर जेवणाचा डबा धरून बसले होते. बराच वेळ ते त्या डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिले.

“शून्य?” ते म्हणाले. “मंग बराबरी कायची बेटी? मंग तर आमी कधी खेळलोच नाही.”

खरं सांगते, मला गलबलून आलं. पण मी मेकॅनिक आहे. “एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा,” असं म्हणून मी फाइल जागेवर ठेवली आणि गेमवर डबल क्लिक केलं.

त्याच वेळी दारातून वामनकाका आत आले. त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून हवा होता, कारण काकू आधीच पुण्याला गेल्या होत्या. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. चाचपडत ते दुसऱ्या स्टुलावर बसले.

नाव आलं. टक वाजलं. आणि कॅरमचा बोर्ड उघडला... मधोमध सोंगट्या, कोपऱ्यात दोघांची नावं, दोघांचे आकडे. वामन एकनं पुढे.

मी तर टाळीच वाजवली. चाचांनी मात्र तोंड फिरवलं, कारण त्यांना शेजारी कोण बसलंय ते दिसलं होतं. तेवढ्यात काकांनाही दिसलं. “मी नंतर येतो,” म्हणत ते उठून बाहेर गेले.

दुरुस्त झालेलं मशीन मी नेहमी एकदा बंद करून परत चालू करते. केलं. नाव, टक, गायब.

काका मोबाइल टेबलावरच विसरले होते, म्हणून परत आले. मी क्लिक केलं. बोर्ड उघडला.

“काका, जरा थांबा,” मी म्हटलं. आता माझं डोकं फिरलं होतं. “समोरून माझ्यासाठी एक पान आणता?”

काका रस्ता ओलांडून पानटपरीवर गेले. गेम उघडला. मी दारातून ओरडले, “काका, तिथलं नको, चौकातलं आणा!” काका कपाळाला आठ्या घालून चौकात गेले. गेम गायब. ते परत टपरीपर्यंत आले, की उघडला. मी शेजारून नवऱ्याला बोलावून काकांच्या स्टुलावर बसवलं. गायब. चाचांना चौकात पिटाळून काकांना एकटं बसवलं. गायब. मग लॅपटॉपवर तोच प्रयोग केला, आणि तिथेही तेच! चाचांच्या मशीनला तर ना कॅमेरा, ना माइक, ना इंटरनेट. त्याला कसं कळणार दुकानात कोण बसलंय?

“वैशू,” काका घाम पुसत म्हणाले, “या उन्हात तीन पानं आणली मी. तुला झालंय तरी काय?”

मी काय ते सांगितलं. दोघं स्क्रीनकडे बघत राहिले.

“चाचा, तुम्ही एकटे असताना हा आधी कधी चालू केला होता?”

“अकेला कायले खेळू? कधी लावलाच नाही. ईदनंतर पयल्यांदा लावला.” मग चाचा काकांकडे न बघता म्हणाले, “मशीनले समजते. ज्याले समजाले पायजे त्यालेच नाही समजत.”

“काय समजत नाही मले?” काका तडकले. तहसीलची भाषा गेली आणि घरची आली. “पाच दिवसांपासून तोंड फिरवून राह्यला. काऊन, ते तरी सांग!”

चाचांनी मांडीवरचा डबा उचलून टेबलावर आपटला. “हे पाय! ईदचा शीरखुर्मा धाडला याच्यात. दरसाल धाडतो. कधी तुझ्याकडून लाडू आले, कधी चिवडा. काहीच नसलं तर मूठभर साखर आली. यंदा? धुतला, पुसला, अन् खाली!”

आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. करायचाच तर त्याचा एकच अर्थ होतो, की आता देणंघेणं संपलं. काकांच्या चेहऱ्यावर तो अर्थ तेव्हा कुठे उमटला.

“अरे, घर बांधून ठेवलं आहे,” ते म्हणाले. “तुझी भाभी पंधरा दिवसांपासून तिकडं. घरात साखर तर सोड, चमचा नाही. खुर्मा म्या बोटानं खाल्ला! म्हटलं, डबा सामानात पुण्याले जाईन, त्याच्या आधी पोचवावा.”

“अन् पुण्याले चालला हे मले दूधवाल्याच्या तोंडून कळावं?”

काका हळूच म्हणाले, “तुले सांगाले दोनदा आलो होतो. जीभ नाही उचलली.”

माझ्या नवऱ्यानं पंख्याकडे बघितलं, मी कीबोर्डकडे. काकांनी तो डबा उचलला आणि तरातरा बाहेर पडले. ते चौकाच्या पलीकडे गेले तेव्हा मी क्लिक करून पाहिलं, सवय वाईट. गायब. दहा मिनिटांनी ते परत आले आणि डबा चाचांसमोर ठेवला. आत गूळ-फुटाणे.

चाचांनी झाकण उघडून आत बघितलं. “कमीच भरले बे.”

“खाऊन पाय आधी.”

फुटाणे खात खात ते खेळायला बसले. तासाभरात चाचा जिंकले आणि आकडे सारखे झाले. चाचांना लगेच पुढचा गेम पाहिजे होता. काका उठले. “तो आता पुढच्या खेपेले,” म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

रविवारी सकाळी काका जालन्याच्या गाडीत बसले तेव्हा चाचा स्टँडवर हजर होते, आणि खिडकीतून त्यांनी तोच डबा आत दिला, गोड पुऱ्या भरून. मला डोळा मारून म्हणाले, “आता डबा त्याच्यापाशी. खाली तर येत नाही. अन् कुरिअरनं धाडला तर पाह्यजो.”

त्यानंतर कॅरम पुन्हा बंद. चाचा आपल्या दुकानात रोज तीन वाजता एकदा क्लिक करायचे, टक ऐकायचे आणि पुन्हा शिलाईला लागायचे. मी हार मानली नव्हती. एकदा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल दुसऱ्या स्टुलावर उभा केला. काका पुण्याहून “लागला का? लागला का?” ओरडत होते. नाही लागला.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी चाचांचा फोन आला. “बेटी, चालू झाला.”

मी दुकान नवऱ्यावर टाकून पळतच गेले. चाचा एकटे बसले होते आणि समोर बोर्ड उघडा. मला काय आनंद झाला सांगू! म्हणजे माझंच खरं होतं. फाइलमध्ये बिघाड होता, डिस्कवर काहीतरी जागेवर आलं आणि फाइल सुधारली. मी ते समजावून सांगायला लागले, पण चाचांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुसऱ्या स्टुलावरचे कापडाचे तुकडे उचलले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हाक दिली, “तीन चहा!”

“तीन कशाला चाचा? आपण दोघंच तर आहोत.”

“तुझी पानटपरी दुकानापासून किती दूर होती बेटी?” त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात सावली पडली. खांद्याला बॅग, हातात डबा, आणि अंगाखांद्यावर बसची धूळ.

“कोणालेच सांगितलं नव्हतं,” वामनकाका धापा टाकत म्हणाले. “म्हटलं, एकदम जाऊन चकित करू.”

चाचांनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. “उशीर केला बे. मघापासून मांडून बसलो हाव.”

डब्यात बाकरवड्या होत्या, आणि वर कागदाच्या पुडीत मूठभर साखर. “ही ईदची,” काका म्हणाले. चाचांनी ती पुडी सोडली, चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि उरलेली पुडी काकांपुढे धरली.

तो पुढचा गेम त्या दिवशी झाला नाही. दोन तास बोर्ड उघडा होता, पण सोंगट्यांना कोणी हात लावला नाही. आकडे अजून सारखेच आहेत.

तुमच्यापैकी कोणी माझ्या लाइनमधलं असेल तर कृपया सांगा, हे काय होतं? योगायोग म्हणू नका, मी एका दुपारी तीन पानं खाऊन खात्री केली आहे. चाचांचं कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ‘दोष’पुढे लिहिलेलं मी खोडून टाकलं. नऊ वर्षांतली ती पहिली कोरी ओळ. ‘उपाय’पुढे मात्र लिहिलं आहे — वामनकाका.