कोनाड्याजवळचा शब्द

मराठी राज्य होऊन इतकी वर्षं झाली, तरी वडीगोद्रीजवळच्या आमच्या वस्तीवर नोटीस यायची ती इंग्रजीत. ज्याला जमिनीवरून उठवायचं, त्यालाच कळू नये अशी भाषा! ही सोय कुणाची, हे मी तेव्हा चळवळीच्या पत्रकात छापलं होतं, आजही विचारतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत मी इंग्रजीचे अवघड शब्द पाठ करायला बसलो ते त्यासाठी. साहेब व्हायला नाही.

उरलेली पत्रकं घरात ढिगानं पडलेली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मोठा शब्द लिहायचा, खाली अर्थ. चिकटवायला खळ होतीच. अंबडच्या बाजारातून आणलेल्या जुन्या डिक्शनरीला पहिली पानंच नव्हती, त्यामुळे ए-बीचे शब्द माझे अजून कच्चे आहेत. बाकीच्या शब्दांनी भिंती भरल्या.

मायला वाचता येत नव्हतं. पण भाकरी थापता थापता ती शब्दाच्या भिंतीवरल्या जागेवरून माझी परीक्षा घ्यायची.

"जात्यावरचा?"

"एन्क्रोचमेंट. अतिक्रमण."

"दाराजवळचा?"

"फोर्थविथ. ताबडतोब."

"कोनाड्याजवळचा?"

"शो कॉज. कारण दाखवा. म्हंजी तुमचं म्हणणं काय ते सांगा."

"बराबर." अडलो की म्हणायची, "पत्रकात तर लई तोंड चालतंय!"

आमच्या सात बौद्ध घरांनी गायरानाचा तुकडा फोडून ज्वारी पेरली होती. कणसं नुकती बाहेर पडली होती, तेव्हा कोतवाल नोटीस घेऊन आला. "जमीन गेली म्हून समजा," एवढं बोलून निघून गेला.

मी कागद घेतला. अतिक्रमण दिसलं, ताबडतोब दिसलं, डोकं भडकलं. बांधावर उभा राहून अख्खी नोटीस इंग्रजीत खणखणीत वाचली आणि ओरडलो, "हाकलून राह्यलेत आपल्याला! उद्या मोर्चा!"

मोर्चा राहिला बाजूला, लोकांनी विळे काढले. दाणा नाही तर नाही, चारा तरी घरी जाईल. बघता बघता ज्वारीच्या दोन ओळी, दोन तासं आडवी झाली.

"थांबा रे," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पुन्यांदा वाच. हळू."

मी वाचलं.

"त्यात कोनाड्याजवळचा शब्द हाये का न्हाई?"

होता. पंधरा दिवसांत कारण दाखवा. न दाखवलं तर ताबडतोब उठा. असं होतं ते.

"मंग इचारून राह्यलेत ना! जमीन गेली कुठं?"

विळा खांद्यावर टाकत एक म्हातारा हसला, "लेका, इंग्रजी तुझी आन् अक्कल मायची!"

त्याच संध्याकाळी आमचं कारण मराठीत लिहिलं: पडीक होती, आम्ही कसली, पोट त्यावर आहे. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले आणि सकाळच्या एसटीनं अंबडचं तहसील ऑफिस गाठलं.

कारकुनानं नाक मुरडलं. "इंग्रजीत नाही आणलं?"

"तुमची नोटीस आम्ही समजून घेतली," मी म्हणालो. "आता आमची मराठी तुम्ही समजून घ्या."

शिक्का मारून पोच मिळाली. सुनावणीच्या तारखा पडत गेल्या आणि ज्वारी आपली पिकत राहिली. जमीन अजून आमच्या नावावर नाही, तो झगडा चालू आहे. पण त्या वर्षीची ज्वारी घरात आली. नव्या पिठाची पहिली भाकरी तव्यावर टाकत मायनं विचारलं, "खिडकीखाली जागा हाये. आज कोणता लावतो?"