मधली खुर्ची

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या क्लासमध्ये फळ्यावर समीकरण लिहीत होतो. "सलीमभाई, सर गेले हो..." एवढंच. समीकरण अर्धवट टाकून मी लातूरची एसटी पकडली. आता महिना उलटला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. शिवलिंगचा, म्हणजे आमच्या शिवाचा, मला दुःखापेक्षा राग जास्त येतो. आणि गेलेल्या मित्रावर रागवायचं तरी कसं?

आम्ही दोघांनी क्लास काढला तो भूकंपानंतर, लातुरात, पत्र्याच्या शेडमध्ये. तो फिजिक्स, मी केमिस्ट्री. भूकंपाच्या पहाटे गावाकडचं दगडमातीचं घर त्याच्या आईवडिलांवर कोसळलं होतं. तेव्हापासून हा गडी स्वस्थ बसायचा नाही. बसलं की जमीन हलल्यासारखी वाटते, म्हणायचा. वर्गात त्यानं शिक्षकाची खुर्चीच ठेवली नाही. पुढे गावोगावची पोरं खोल्या करून लातुरात राहू लागली, शेडच्या जागी इमारत आली, मी नांदेडला वेगळा क्लास काढला, पण शिवा शिकवायचा तो येरझाऱ्या घालतच.

मग हृदय फुगलं, पाय सुजले. ट्रेडमिल झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी साधी चालायची तपासणी सांगितली. दवाखान्याच्या लांब पॅसेजमध्ये सहा मिनिटं आपल्या चालीनं चालायचं, दम लागला तर मध्ये ठेवलेल्या खुर्चीवर टेकायचं. मोठ्या शहरात हृदयाला यंत्र बसवायला पाठवायचं की नाही, ते त्यावरून ठरणार होतं.

शिवानं काय करावं? क्लासच्या व्हरांड्यात दवाखान्याच्या पॅसेजएवढं अंतर मोजून ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या आणि पोरांची सराव परीक्षा घ्यावी तसा स्वतःचा रोज सराव घेतला. तपासणीत खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छातीचा भाता झालेला, तरी शेवटपर्यंत चालला. सध्या गोळ्यांवर भागेल, असं डॉक्टर म्हणाले. यानं पेढे वाटले! "पास झालो, सलीम. लई भारी मार्क पडले."

थोड्याच दिवसांत त्याला श्वास घेता येईना, भरती करावं लागलं. वहिनींनी त्या रेघांचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो सर, ह्यात पास व्हायचं नसतं. तुम्ही कुठं थांबता, तेच तर बघायचं असतं."

जरा सावरल्यावर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मी पॅसेजच्या कडेला उभा होतो. निम्म्यातच त्याला दरदरून घाम फुटला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, पण बसेना. माझ्याकडे बघून म्हणाला, "सलीम, जमीन हालायली का रे?"

"न्हाई रे. बस तू."

"बघ बरं नीट."

"बघितलं. गपगार हाय."

मग तो बसला... मला तिथंच रडू आलं.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लगेच मिळाली, पण जायच्या आधीच तो गेला. पेढ्यांपायी वाया गेलेले ते दिवस मला झोपू देत नाहीत. शेवटी शेवटी त्यानं वर्गात खुर्ची मागवली होती. थोडा वेळ का होईना, बसून शिकवायचा. सर बसले म्हणून पोरं घाबरून चिडीचूप व्हायची, असं वहिनी सांगतात.

त्याची बॅच आता मी नांदेडहून येऊन घेतो. व्हरांड्यातल्या रेघा ओलांडून वर्गात जातो. खुर्ची फळ्याशेजारी तशीच आहे. परवा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बसा की. लई येरझाऱ्या घालायलात तुम्ही."

जमीन गपगार आहे, मला माहीत आहे. तरी बसवत नाही.