पाणकणसांतली फटाकडी

ताई दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात एकेक दात बसवून डोळे शिणायचे. म्हणून धाकट्या भावानं तिला आपली जुनी दुर्बीण दिली आणि रविवारी खाडीकाठच्या राखीव पाणथळीवर न्यायला सुरुवात केली. तो तिथं गाइड होता. पक्ष्यांची नावं, भरती-ओहोटीचा अंदाज, सगळं तिला त्यानंच शिकवलं. विणीच्या दिवसांत पक्ष्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही, हेही त्याचंच.

एका पक्ष्यानं मात्र तिला कायम हुलकावणी दिली होती. फटाकडी. कोंबडीच्या पिल्लाएवढी, पाणकणसांच्या उंच गवताच्या दाटीत दडणारी. आवाज कितीदा ऐकला, पण शेपूटही दिसलं नाही. भाऊ चिडवायचा, "तिला वाटतं, तू कवळीचं माप घ्यायला आलीयस!"

आणि एका सकाळी ती आली. उघड्या चिखलात, इतकी जवळ की लाल डोळा दुर्बिणीशिवाय दिसला. ताईला रडूच फुटलं. तिनं भावाचा हात घट्ट धरून ठेवला.

पुढच्या रविवारी भावाबरोबर पर्यटकांचा घोळका होता. भावानं त्यांना त्याच जागी थांबवलं. फटाकडी पुन्हा बाहेर आली, कॅमेरे खटखटले. ताई जरा बाजूला, बांधावर उभी होती. तिथून तिला पाणकणसांच्या बुडाशी हिरव्या फडक्यात गुंडाळलेला छोटा स्पीकर दिसला. फटाकडीचा आवाज त्यातून येत होता. आपल्या जागेत दुसरं कोण घुसलं म्हणून फटाकडी पिसं फुलवून त्याला चोची मारत होती.

ताई सरळ चिखलात उतरली. स्पीकर उचलून तिनं बंद केला.

"ताई, अगं काय करतेस!" भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"त्या दिवशीही हाच होता?"

"तुला एवढी आस लागली होती. म्हटलं, एकदा दिसू दे. खूश झालीस की नाही?"

"नसती दिसली तरी चाललं असतं रे. तू आणायचास म्हणून यायचे मी."

फाटकावरच्या रखवालदारापुढं तिनं स्पीकर ठेवला. त्यानं तो उलटून पाहिला. "दादांचा ना? राहू दे इथंच, जाताना नेतील."

ती एकटीच बसनं घरी आली.

भाऊ अजून घरी येतो, जेवतो, आईच्या औषधांचं बोलतो. रविवारचं कुणीच काढत नाही. दवाखान्यात कुणी कौतुकानं विचारलं, "फटाकडी दिसली म्हणे तुम्हाला?" तर ताई मान वर न करता म्हणते, "दिसली नाही. दाखवली."