वाटेकरी मोजणाऱ्या भोईर बाई

भोईर बाई वर्गात फतकल मारून खाली बसल्या की समजायचं, कुणाचं तरी उत्तर चुकलंय. बरोबर आलं तर बाई उभ्याच राहायच्या आणि "हां, पुढं," म्हणायच्या. चुकलं की मात्र निऱ्या गुडघ्यात दाबून त्या पोराला चिकटून जमिनीवर बसायच्या. "आता मला सांग, तू इथवर आलास कसा?" चूक हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत गेलं की एका वाडीत आमची दोन शिक्षकी शाळा. मी आसनगावची. नोकरीसाठी मुरबाडला खोली घेतलेली, जिभेची फटकळ आणि भलती घाईची. पाढे पाठ करायचे आणि भागाकाराची रीत घोकायची, याच्यापलीकडे गणितात काही शिकवायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई तिथे इतक्या जुन्या, की पोरांच्या आयांनाही त्यांनीच शिकवलेलं. मी पाहिल्या त्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातल्या बाई.

त्यांचा गुणाकार शाळेच्या अंगणात, चिंचोक्यांवर चालायचा. वाडीतली निम्मी पोरं आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाऊन आलेली. कच्च्या विटा ओळीने मांडायची हाताला सवय, त्यामुळे चिंचोक्यांच्या ओळी अशा सरळ लावत की बघत राहावं. एकदा एक पोरगी चौदा सक किती, यावर अडून मुसमुसायला लागली. बाईंनी सहा-सहाच्या चौदा ओळी लावून घेतल्या आणि दहाव्या ओळीखाली काडी ठेवली.

"काडीच्या वर किती?"

"साठ."

"खाली?"

"चोवीस."

"मग रडतेस कशाला गो? दोन ढिगारे एक कर की!"

पोरगी डोळे पुसत चौऱ्याऐंशी म्हणाली. मी दारात उभी होते. आयुष्यभर मी चौदाचा पाढा म्हणत आले, पण चौदाच्या पोटात दहा आणि चार बसलेत हे मला त्या दिवशी दिसलं. 

चौथीत सोनी होती. दरवर्षी तुळशीचं लग्न उरकलं की मुकादमाचा ट्रक यायचा आणि घरचे भट्टीवर निघाले की ही अर्ध्यातून शाळा सोडायची. आधीच्या एका गुरुजींनी तिच्या बापाला, काळूला, सांगून ठेवलेलं की हिला भागाकार शिकवणं म्हणजे दगडावर पाणी. त्यामुळे काळूनं ठरवलं होतं, की यंदा पोरगी गेली की परत शाळेत धाडायचीच नाही. भट्टीवर धाकट्याला सांभाळील. "डोकंच नाय तिला, बाई. उगाच का बसवायची?"

बाईंनी सोनीला बोलावलं. "तिघीजणी ओढ्यावर गेलात. बारा चिंबोऱ्या मिळाल्या. एकीला किती?"

सोनीनं बारा चिंचोके घेतले, मांडले. "तीन."

मी कपाळाला हात लावला. बाई खाली बसल्या. "दाखव बरं."

सोनीनं तीन-तीनचे चार ढीग केले होते. "ह्या माझ्या, ह्या ठकीच्या, ह्या बारकीच्या."

"आणि हा ढीग?"

सोनी बाईंकडे अशी बघायला लागली, की एवढंही कळू नये का! "आमच्या म्हातारीचा, आजीचा. तिला ओढ्यावर उतरवत नाय ना. जी येत नाय तिचा बी वाटा असतो."

वाडीची रीतच तशी. ओढ्यातून खेकडे, मासे काही आणलं की घरी राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्याचा वाटा आधी बाजूला पडतो. बाईंनी तो चौथा ढीग बोटानं नीट सारखा केला. मग माझ्याकडे वळल्या. "पोरीला भागाकार येतोय हो. वाटेकरी किती, तेच आपण तिला धड सांगितलं नव्हतं." त्या दिवसापासून बाईंचं पालुपदच झालं: "आधी वाटेकरी मोजा, मग वाटा." मोठ्या संख्यांसाठी दुसरं: "एकदम गिळू नका. झेपेल तेवढा घास घ्या, मग उरलेल्यातला दुसरा." दिवाळीपर्यंत सोनी शेकड्यांचे भागाकार घासाघासानं संपवायला लागली.

मग यंदा सोनीला वाडीतच ठेव, हे सांगायला बाई काळूच्या झोपडीवर गेल्या. मीही गेले. काळूनं सगळं ऐकून घेतलं. "ठेवतो म्हातारीकडं. पन आमी शिमग्याबिगर येनार नाय. दोघींना तवर तांदूल पुरला पायजे. नाय पुरला तर पोरगी संगती येल. मंग तुमी काय बोलू नका."

ट्रक आला त्या सकाळी काळूच्या अंगणात तांदळाचं एक पोतं भरून ठेवलेलं. घरातल्या पत्र्याच्या डब्यानं मोजून एकशेऐंशी डबे. दोघींना रोजचे दोन लागायचे. काळू सोनीला म्हणाला, "बाई सांगतात तुला येतंय. सांग, पुरंल का?"

सोनी उकिडवी बसली. काडीनं मातीत लिहायला लागली. शंभर डबे, पन्नास दिवस. उरले ऐंशी, चाळीस दिवस. "नव्वद," ती म्हणाली आणि थांबली. शिमगा चार महिन्यांवर होता, हे तिलाही ठाऊक होतं. मी बाईंच्या कानाशी लागले, "बाई, पुरेल म्हणा ना! तुमचं ऐकेल तो."

बाईंनी सोनीवरची नजर काढली नाही. "आणि माघाच्या पुनवेनंतर काय खाईल ती?"

"बा, महिन्याचं कमी पडतंय," सोनी काडी खाली ठेवत म्हणाली. "साठ डबे नायत." कुणी काही बोलायच्या आत ती उठली आणि आपल्या कपड्यांचं गाठोडं आणायला झोपडीत गेली.

मुकादम हॉर्न वाजवत होता. काळू मातीतल्या आकड्यांकडे बघत राहिला. त्यातलं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मग तो ट्रकवर चढला, भट्टीवर न्यायचं स्वतःचं तांदळाचं पोतं त्यानं खाली ओढलं आणि तोंडाची गाठ सोडली. "आपलं काय मंग?" बायको वरूनच ओरडली. "बघू तिकडं," तो म्हणाला.

सोनी गाठोडं घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यानं डबा तिच्या हातात दिला. "साठ काढ. तूच मोज. तुझं मोजलेलं मला चालंल."

भोईर बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि ओठ मात्र पदराआड सोनीबरोबर एक, दोन, तीन मोजत होते. सोनी साठाला पोचेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.